प्रकल्प नोंदी: जुन्या रेपोत फॉरमॅटर आणताना

३ जून

आज आलेल्या पीआरमधला (पुल रिक्वेस्ट, म्हणजे मंजुरीसाठी पाठवलेला कोड) खरा बदल एका ओळीचा. मर्यादा तपासताना 'पेक्षा मोठं' होतं, तिथे 'पेक्षा मोठं किंवा समान' केलं, बस. पण पाठवणाऱ्याच्या एडिटरने सेव्ह करताना सगळे टॅब काढून स्पेस घातल्या, त्यामुळे डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणाऱ्या पानावर, अख्खी फाइल लाल-हिरवी. मोकळी जागा सोडून डिफ दाखव असं गिटला (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) सांगितलं तेव्हा ती ओळ सापडली. ही सोय इंडेंटेशनपुरती ठीक आहे. कोणी लांब ओळ मोडून तिच्या तीन ओळी केल्या की तिचाही उपयोग नाही.

असं होण्याची ही पहिली वेळ नाही, म्हणून विषय एकदाचा धसास लावायचं ठरलं. रेपोत, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात, तीन भाषा आहेत: बॅकएंड पायथनमध्ये, फ्रंटएंड टाइपस्क्रिप्टमध्ये, आणि चित्रांवर प्रक्रिया करणारी एक लायब्ररी सी प्लस प्लसमध्ये. तिन्हींना फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारं साधन) लावायचा. काम माझ्याकडे आलं.

४ जून

अपेक्षेप्रमाणे चर्चा टॅब की स्पेस इथून सुरू झाली आणि ओळीच्या लांबीवर येऊन अडकली. एकाला ८०, एकाला १२०, तिसऱ्याचं म्हणणं की पडदे आता रुंद झालेत तर मर्यादा हवीच कशाला.

८० हा आकडा आला पंचकार्डांवरून. आयबीएमने १९२८ मध्ये ८० रकान्यांचं कार्ड आणलं आणि तीच रुंदी पुढे टर्मिनलांनी उचलली. पायथनच्या २००१ सालच्या पेप ८ या शैली-मार्गदर्शिकेत ७९ आहे. ब्लॅक या पायथनच्या फॉरमॅटरचा ठरलेला आकडा ८८. लिनक्स कर्नलच्या तपासणी स्क्रिप्टने २०२० मध्ये इशाऱ्याची मर्यादा ८० वरून १०० वर नेली. थोडक्यात, यातला कुठलाच आकडा निसर्गनियम नाही, आणि म्हणूनच यावर कितीही वेळ भांडता येतं.

मतदान घ्यायचं नाही असं मी सुचवलं आणि ते मान्य झालं. मतदानात हरलेला माणूस सहा महिन्यांनी तोच विषय परत काढतो. त्यापेक्षा ज्या साधनांत पर्यायच कमी आहेत ती घ्यायची आणि त्यांची मूळ सेटिंग्ज जशीच्या तशी ठेवायची. ही वाट गो भाषेने दाखवली. २००९ मध्ये भाषा खुली झाली तेव्हापासून गोफम्ट हा फॉरमॅटर तिच्यासोबत आहे आणि इंडेंटेशन किती, कंस कुठे, असे पर्याय त्यात नाहीतच. गोफम्टची शैली कोणाचीच आवडती नाही, तरी गोफम्ट सगळ्यांचं आवडतं, अशा अर्थाचं गोचे एक निर्माते रॉब पाइक यांचं वाक्य गोवाल्यांच्या तोंडी असतं. २०१७ चा प्रिटिअर (टाइपस्क्रिप्टसाठी) आणि २०१८ चा ब्लॅक त्याच पठडीतले. सी प्लस प्लससाठीचा क्लँग-फॉरमॅट मात्र उलट टोकाचा, त्यात शंभरावर पर्याय आहेत. तिथे एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाची तयार शैली पाया म्हणून घ्यायची आणि वर काही जोडायचं नाही असं ठरवलं. (पुढे एका ठिकाणी हात लावावा लागेल असं मला वाटतंय.)

९ जून

वेगळ्या ब्रांचवर (कोडच्या समांतर शाखेवर) तिन्ही साधनं चालवून पाहिली. एक प्रश्न सगळ्यांकडून आला: कोड बदलणार नाही याची हमी काय?

ही साधनं शोधा-आणि-बदला पद्धतीने चालत नाहीत. प्रिटिअर आणि ब्लॅक आधी कोड वाचून त्याचं वाक्यरचनेचं झाड बनवतात आणि मग ते झाड नव्याने छापतात. क्लँग-फॉरमॅट पूर्ण झाड न बनवता शब्द आणि चिन्हं ओळखून त्यांच्यामधली मोकळी जागा लावतो. प्रिटिअरची छपाई संगणकशास्त्रज्ञ फिलिप वॉडलर यांच्या शोधनिबंधातल्या कल्पनेवर उभी आहे: एक गट घ्यायचा, तो उरलेल्या रुंदीत मावला तर एका ओळीत, नाही मावला तर मोडायचा, आणि आतल्या गटांना पुन्हा हाच प्रश्न विचारायचा. तुम्ही ओळ कुठे मोडली होती ते तो जवळपास विसरतो. एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा: ऑब्जेक्टच्या उघडत्या महिरपी कंसानंतर तुम्ही नवी ओळ घेतली असेल, तर एका ओळीत मावत असूनही तो ऑब्जेक्ट उभाच ठेवतो.

ब्लॅक स्वतःच पडताळणी करतो. फॉरमॅट करण्याआधीचं झाड आणि नंतरचं झाड जुळवून पाहतो, नाही जुळलं तर फाइलला हात लावत नाही. डॉकस्ट्रिंगच्या (फंक्शनच्या आत लिहिलेल्या वर्णनाच्या) कडेची मोकळी जागा तेवढी अपवाद. टाइपस्क्रिप्टसाठी आम्ही मिनिफाय केलेला (मोकळी जागा काढून आवळलेला) बिल्ड आधी आणि नंतर काढून ताडून पाहिला, तंतोतंत तोच. सी प्लस प्लसच्या ऑब्जेक्ट फाइल (कंपायलरने बनवलेला यंत्र-कोड) मात्र पहिल्या फेरीत जुळल्या नाहीत आणि एकच धावपळ झाली. कारण साधं निघालं: असर्ट (चालताना अट तपासणारा कोड) आपल्या संदेशात ओळ क्रमांक घालतो, आणि ओळी सरकल्या की तो आकडा बदलतो. असर्ट बंद करून आणि डीबग माहिती वगळून बांधलं तेव्हा सगळ्या फाइल सारख्या आल्या.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे कॉमेंट, कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपा. त्या झाडात बसत नाहीत, त्यामुळे कुठली कॉमेंट कुठल्या फांदीला लटकवायची हे फॉरमॅटरला अंदाजानेच ठरवावं लागतं. ओळीच्या शेवटी लिहिलेली कॉमेंट ओळ मोडल्यावर भलत्याच अर्ग्युमेंटच्या (फंक्शनला दिलेल्या मूल्याच्या) बाजूला जाऊन बसल्याची काही उदाहरणं सापडली. कोड बरोबर, पण वाचणाऱ्याची दिशाभूल. अशा कॉमेंट आधीच वरच्या ओळीवर नेऊन ठेवल्या.

१० जून

ब्लॅकचा शेवटच्या स्वल्पविरामाचा नियम टीमला समजावून सांगितला, कारण यावरून पुढे 'हे असं का केलं' अशी विचारणा हमखास होणार. फंक्शनला चार अर्ग्युमेंटची हाक आहे आणि शेवटच्या अर्ग्युमेंटनंतर स्वल्पविराम नाही, तर मावल्यास सगळं एका ओळीत येतं. तिथेच शेवटी स्वल्पविराम ठेवला की ब्लॅक प्रत्येक अर्ग्युमेंट वेगळ्या ओळीवर ठेवतो, मावत असलं तरी. म्हणजे मांडणीचं एक बटण लिहिणाऱ्याच्या हातात राहतं. फायदा डिफमध्ये दिसतो. पाचवं अर्ग्युमेंट जोडलं की एकच ओळ हिरवी होते. स्वल्पविराम नसता तर चौथी ओळही बदललेली दिसली असती, आणि ब्लेममध्ये (कुठली ओळ शेवटी कोणी बदलली हे दाखवणारी गिटची सोय) त्या ओळीवर उगाच तुमचं नाव चढलं असतं.

चाचण्यांमधल्या मॅट्रिक्स मात्र ब्लॅकने पार विस्कटल्या. तीन बाय तीनचे आकडे रकान्यांत नीट लावलेले होते, ते कुठे एका लांब ओळीत आले, कुठे नऊ ओळींत. तिथे फॉरमॅट बंद आणि पुन्हा चालू अशा दोन कॉमेंट घातल्या. ही सवलत फक्त आकड्यांच्या तक्त्यांना. 'मला माझी मांडणी जास्त आवडते' हे कारण चालणार नाही, असं योगदान मार्गदर्शिकेत लिहून टाकलं.

११ जून

म्हटलं होतं तेच झालं. चाचणी ब्रांचवर विंडोजचा बिल्ड पडला, लिनक्सचा व्यवस्थित.

क्लँग-फॉरमॅट मोकळी जागा तर लावतोच, वर इन्क्लुडच्या, म्हणजे दुसरी फाइल आत घेणाऱ्या, ओळी वर्णक्रमाने लावतो. मेमरी वापर मोजणाऱ्या फाइलमध्ये विंडोज-डॉट-एच आधी होती आणि पीएसएपीआय-डॉट-एच नंतर. वर्णक्रमात पी आधी येतो. पण पीएसएपीआयची हेडर फाइल विंडोजच्या हेडरमधले प्रकार आधीच जाहीर झालेले आहेत असं धरून चालते. क्रम उलटला आणि कंपायलरने अनोळखी प्रकारांच्या त्रुटींचा पाऊस पाडला.

उपाय दोन होते. इन्क्लुडची क्रमवारी सगळीकडे बंद करायची, किंवा या जोडीला वेगळं ठेवायचं. एलएलव्हीएम शैलीत क्रमवारी एका गटाच्या आतच होते आणि रिकामी ओळ आली की नवा गट सुरू होतो. त्यामुळे दोघींच्या मध्ये एक रिकामी ओळ टाकली तरी भागतं. पण निव्वळ रिकाम्या ओळीवर बिल्ड टांगलेला आहे हे वाचणाऱ्याला कळणार कसं? 'इथला क्रम महत्त्वाचा आहे, रिकामी ओळ काढू नये' अशी कॉमेंट सोबत ठेवली. कॉन्फिगला हात लावावा लागला नाही, तेवढा माझा अंदाज खोटा ठरला आणि बरंच झालं.

याच निमित्ताने पायथनच्या इम्पोर्टचा प्रश्न पुढे ढकलला. ब्लॅक इम्पोर्टचा क्रम बदलत नाही, त्यासाठी आयसॉर्टसारखं वेगळं साधन लागतं. आमच्याकडे दोन मॉड्यूल नुसती इम्पोर्ट झाली तरी प्लगइनची नोंदणी करून मोकळी होतात, आणि त्यांचा क्रम चुकला तर दुसरं पहिल्याला झाकतं. ते आधी सरळ करायचं, मग क्रमवारी.

१२ जून

ओळींचे शेवट. विंडोजवर काम करणाऱ्यांच्या काही फाइलमधल्या ओळी सीआरएलएफ या दोन न दिसणाऱ्या अक्षरांनी संपतात, बाकीच्या नुसत्या एलएफने, आणि एका फाइलमध्ये दोन्हींची भेळ. प्रिटिअर आवृत्ती २ पासून मुळातच एलएफचा आग्रह धरतो, म्हणजे हा बदल त्याच्यासोबत आपोआप आला असता. पण तो फॉरमॅटच्या कमिटमध्ये (गिटमधली बदलाची एक नोंद) मिसळायचा नाही. आधी गिट-अ‍ॅट्रिब्यूट्सच्या फाइलमध्ये नियम लिहिला, मग गिटच्या रीनॉर्मलाइझ सोयीने सगळ्या फाइल एकदाच एका रांगेत आणल्या. स्वतंत्र कमिट. विंडोजच्या बॅच फाइलना सीआरएलएफ ठेवलं. शेल स्क्रिप्टना एलएफ सक्तीचं केलं, कारण पहिल्या ओळीच्या शेवटी चिकटलेलं सीआर हे न दिसणारं अक्षर इंटरप्रिटरच्या नावाचा भाग धरलं जातं आणि 'असा इंटरप्रिटर नाही' म्हणून स्क्रिप्ट हटून बसते.

१६ जून

वगळायच्या फाइलची यादी. यंत्राने तयार केलेला कोड, लॉक फाइल (लायब्रऱ्यांच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद), बाहेरून आणून ठेवलेल्या लायब्रऱ्या. शेवटच्यांना फॉरमॅट केलं तर मूळ प्रकल्पातली पुढची आवृत्ती आणताना आपण नक्की काय बदललं होतं हे उमगणार नाही.

एचटीएमएल टेम्प्लेटवरून फ्रंटएंडमधून तक्रार आली: "अरे, हा प्रिटिअर टॅगचा शेवटचा > खालच्या ओळीवर एकटाच का सोडून देतो? किती घाणेरडं दिसतं ते!" दिसतं खरंच वाईट. पण त्याला कारण आहे. ओळीत बसणाऱ्या दोन घटकांच्या मध्ये स्रोतात नवी ओळ आली की ब्राउझर तिथे एक स्पेस दाखवतो. दोन लिंक एकमेकींना चिकटून असतील आणि फॉरमॅटरने त्या साध्या पद्धतीने दोन ओळींवर नेल्या, तर पानावर त्यांच्यामध्ये फट दिसेल. टॅगच्या आतली मोकळी जागा मात्र ब्राउझर मोजत नाही. म्हणून प्रिटिअर ओळ टॅगच्या पोटातच मोडतो. मोकळ्या जागेची ही काळजी सेटिंगमधून बंद करता येते, पण मग पान बदलण्याची जोखीम आपली. आम्ही ती घेतली नाही.

२० जून

आज सगळा वेळ गिट ब्लेमवर गेला. जुन्या सहकाऱ्यांचा खरा विरोध इथेच होता आणि तो रास्त आहे. दहा वर्षांपूर्वी ही अट कोणी आणि कशासाठी घातली हे शोधायला जावं आणि प्रत्येक ओळीवर 'फॉरमॅटर चालवला' हेच कमिट दिसावं, तर इतिहास असून नसल्यासारखा.

यावरचा तोडगा गिट २.२३ मध्ये, म्हणजे ऑगस्ट २०१९ मध्ये आला. दुर्लक्ष करायच्या कमिटचे पूर्ण हॅश (ओळख क्रमांक) एका फाइलमध्ये लिहायचे आणि ब्लेमला ती फाइल दाखवायची. मग तो ती कमिट ओलांडून मागची खरी नोंद दाखवतो. गिटहबही रेपोच्या मुळाशी ठरलेल्या नावाने ठेवलेली ही फाइल आपणहून वाचतो. आपल्या मशीनवर मात्र प्रत्येकाला एकदा गिटची सेटिंग करावी लागते. ती सुरुवातीच्या सेटअप स्क्रिप्टमध्येच घातली.

यात एक खाच आहे. आमच्याकडे पीआर स्क्वॉश करून (सगळी कमिट एकात दाबून) मर्ज होतात, म्हणजे मुख्य कोडात मिसळतात, आणि स्क्वॉशमध्ये कमिटचा हॅश बदलतो. पीआरमधला हॅश त्याच पीआरमध्ये फाइलीत लिहिला, तर मर्जनंतर तो अस्तित्वातच नसलेल्या कमिटकडे बोट दाखवतो. म्हणून दोन पीआर: आधी फॉरमॅट, तो मेनवर (मुख्य ब्रांचवर) गेला की तिथला हॅश घेऊन दुसरा.

आणखी एक गोष्ट ठरली, आणि मला ती या सगळ्या कामातली सगळ्यात मोलाची वाटते. फॉरमॅटच्या कमिटचा रिव्ह्यू वाचून करायचा नाही, पुन्हा चालवून करायचा. कमिट संदेशात नेमकी आज्ञा आणि साधनाची आवृत्ती लिहायची. रिव्ह्यू करणाऱ्याने मागच्या कमिटवर जाऊन तीच आज्ञा द्यायची आणि निघालेल्या फाइल गिटलाच ताडायला सांगायच्या. एका अक्षराचाही फरक निघाला तर नामंजूर. हजारो ओळींच्या डिफमध्ये कोणी हाताने काही सरकवलं तर ते डोळ्यांना दिसणार नाही, या तपासणीत मात्र लपणार नाही.

२४ जून

उघड्या ब्रांचेस. "माझं काम अजून दोन आठवडे चालणार आहे, तुम्ही मेन फॉरमॅट केलंत की माझे हाल" हा आक्षेप. त्यासाठी लिहून ठेवलेली कृती:

फॉरमॅट कमिटच्या लगेच आधीचं मेनचं कमिट आपल्या ब्रांचमध्ये मर्ज करायचं. इथे जे वाद (एकाच जागी दोघांचे वेगळे बदल) येतील ते खरे, ते नेहमीसारखे सोडवायचे. फॉरमॅटरची कॉन्फिग या टप्प्यावर सोबत येते, कारण ती फॉरमॅटच्या आधीच मेनवर गेलेली असेल. मग आपल्या ब्रांचवर फॉरमॅटर चालवून कमिट करायचं. शेवटी फॉरमॅटचं कमिट 'अवर्स' स्ट्रॅटेजीने मर्ज करायचं, म्हणजे गिटच्या नोंदीत मर्ज झालं पण मजकूर आपला राहिला. त्या कमिटमध्ये फॉरमॅटशिवाय काहीच नसल्यामुळे काही हरवत नाही.

'अवर्स' नावाची स्ट्रॅटेजी वेगळी आणि त्याच नावाचा मर्जचा पर्याय वेगळा. पर्याय फक्त वादाच्या जागी आपली बाजू घेतो, स्ट्रॅटेजी समोरचा सगळा मजकूर बाजूला ठेवते. इथे स्ट्रॅटेजीच हवी. दोघांनी सरावासाठी करून पाहिलं, वाद उरला नाही.

२७ जून

रिलीज परवा झालं, उघडे पीआर मोजकेच. फॉरमॅट मर्ज केला. ज्या जुन्या रिलीज ब्रांचवर अजून दुरुस्त्या जातात तिच्यावरही तीच साधनं त्याच आवृत्तीने चालवली, नाहीतर मेनवरची प्रत्येक दुरुस्ती चेरी-पिक करताना (एकेक कमिट उचलून तिकडे नेताना) मांडणीवरून अडली असती. दुपारी हॅशचा पीआर. ब्लेम नीट दिसतोय.

१ जुलै

आता हे टिकवायचं कसं. प्री-कमिट हुक (कमिटच्या आधी आपोआप चालणारी तपासणी) बसवला, तो फक्त कमिटला घेतलेल्या फाइल पाहतो. हुक टाळता येतो, गिटमध्ये त्यासाठी पर्यायच आहे, आणि ते ठीकच आहे. घाईत अर्धवट काम साठवायचं असेल तर कोणाला अडवू नये. खरा पहारा सीआयवर, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेवर. तिथे फॉरमॅटर फक्त तपासतो, स्वतः दुरुस्त करून कमिट ढकलत नाही. ढकलावं अशी सूचना होती, पण मग माणूस पुढचं कमिट करायला जातो तेव्हा त्याची ब्रांच मागे पडलेली असते आणि वैताग वाढतो.

आवृत्त्या अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत बांधून ठेवल्या. याचं कारण आठवड्याभरातच दिसलं: एकाच फाइलमधली एकच ओळ दोघांच्या पीआरमध्ये आळीपाळीने मोडत आणि जुळत होती. एकाचा क्लँग-फॉरमॅट ऑपरेटिंग सिस्टीमच्या वितरणातून आलेला, दुसऱ्याचा एडिटरच्या प्लगइनसोबत आलेला, आणि दोघांच्या आवृत्त्या निराळ्या. एडिटरनेही रेपोत ठरवलेलीच आवृत्ती वापरावी अशी सेटिंग सगळ्यांना दिली. ब्लॅकची स्थिर शैली वर्षातून एकदा, जानेवारीच्या आवृत्तीत बदलते, म्हणून त्याचं अपग्रेड जानेवारीतच आणि वेगळ्या कमिटमध्ये. प्रिटिअरने २०२३ मध्ये आवृत्ती ३ ला शेवटच्या स्वल्पविरामाचं मूळ सेटिंग बदललं. असा बदल बेसावध अपग्रेडमधून आला तर सगळी फाइल पुन्हा लाल-हिरवी.

इएसलिंट या लिंटरमधले (कोडमधल्या चुका दाखवणारं साधन) मांडणीचे नियम काढले. इएसलिंटनेच २०२३ मध्ये ते कालबाह्य ठरवलेत. लिंटर म्हणतो स्पेस हवी, फॉरमॅटर म्हणतो नको, आणि मध्ये माणूस, हा प्रकार संपला.

८ जुलै

चहाच्या वेळी प्रश्न आला की निव्वळ दिसण्यासाठी एवढा खटाटोप कशाला. मी अ‍ॅपलचं २०१४ सालचं 'गोटू फेल' दाखवलं. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या सी कोडमध्ये इफच्या अटीखाली 'गोटू फेल' ही दुसरीकडे उडी मारणारी ओळ लागोपाठ दोनदा आली होती. इफला महिरपी कंस नव्हते. पहिली ओळ अटीखाली, दुसरी बिनशर्त, पण दोन्ही सारख्याच आत सरकवलेल्या. डोळ्यांना वाटलं दोन्ही अटीखाली आहेत. प्रत्यक्षात दुसऱ्या उडीमुळे पुढची सहीची तपासणी कधी होतच नव्हती. फॉरमॅटर चालला असता तर दुसरी ओळ डावीकडे इफच्या रेषेत आली असती आणि डिफमध्ये उठून दिसली असती. चूक त्याने दुरुस्त केली नसती, इंडेंटेशनला खोटं बोलू दिलं नसतं इतकंच. जीसीसी या कंपायलरने २०१६ च्या आवृत्ती ६ मध्ये अशा फसव्या इंडेंटेशनसाठी इशाराच आणला. आमच्या बिल्डमध्ये तो चालू आहे का पाहिलं. आहे.

१५ जुलै

रिव्ह्यूंमध्ये स्पेसवरची टिपणी दिसेनाशी झाली. तिच्या जागी वाद कमी झालेत असं नाही, ते नावांवर आणि फंक्शनच्या सीमांवर सरकलेत, आणि ते वाद घालायला माझी हरकत नाही. एक अनपेक्षित गोष्ट: लांबलचक अटी आता लपत नाहीत. पूर्वी कोणीतरी १६० अक्षरांची अट एका ओळीत दडपून टाकायचा. ब्लॅक ती सात ओळींवर पसरवतो आणि ती इतकी वाईट दिसते की लिहिणाराच दोन तुकडे वेगळे काढून त्यांना नावं देतो.

२२ जुलै

प्लगइनची नोंदणी इम्पोर्टमधून काढून एका स्वतंत्र फंक्शनमध्ये नेली, क्रम आता तिथे उघड लिहिलेला आहे. त्यानंतर आयसॉर्ट ब्लॅकशी जुळणाऱ्या प्रोफाइलने चालवला, चाचण्या हिरव्या. हॅश दुर्लक्षाच्या यादीत गेला. एसक्यूएल फाइलना हात लावत नाही. दोन साधनं पाहिली, आमच्या डेटाबेसची खास वाक्यरचना दोघांनाही पूर्ण वाचता येत नाही, आणि न वाचता छापणाऱ्या साधनाला स्थलांतराच्या स्क्रिप्टजवळ फिरकू द्यायचं नाही. रफ या पायथनच्या दुसऱ्या फॉरमॅटरची तुलना जानेवारीच्या अपग्रेडसोबत करायची, तोवर हा विषय बंद.